अक्काचा उजवा कान

अक्का, तुला वाचता येत नव्हतं, याचाच आज मला आधार आहे. नाहीतर हे लिहायला मी धजलो नसतो. लिहितोय तेही तू मोडलेल्या बोटानं. उजव्या हाताचं मधलं बोट, तुझ्या मुसळाखाली आलं होतं ते, वाकडंच सांधलं. तारऑफिसात साहेबानं एकदा विचारलं, हे कशानं झालं? मी म्हणालो, बहिणीनं गाणं बंद केलं तेव्हा झालं. त्याला वाटलं मी थट्टा करतोय.

काल तुझं तेरावं झालं. पंगत बसायच्या आधी आपला चुलत भाऊ सोपाना म्हणाला, "म्हादा, माळ्यावरनं तुजा कर्णा काढ की. रेडिओवर भजन लागत आसंल. समद्या वाडीला आयकू जाऊ दे. अक्काला गाण्याचं लय येड हुतं." माझ्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता. तो मी त्याच्या डोक्याच्या रोखानं भिरकावला. सोपाना खाली वाकला म्हणून वाचला, चौकटीवर आपटून तांब्याला पोचा पडला. पंगतीला आलेली एक म्हातारी म्हणाली, "अक्काच आली बगा ह्याच्या अंगात." खरं सांगतो, तू गेल्यापासून पहिल्यांदाच मला बरं वाटलं.

कारण बाकीचे सगळे तुला गरीब गाय करून टाकायला निघालेत. मायाळू होती म्हणे, कुणाला दुखवलं नाही म्हणे. ज्याची पाठ तुझ्या फुंकणीनं शेकली नाही असा माणूस आपल्या कुरवंड्यात शोधून काढावा लागेल. सोपानाच्या कपाळावरची खोक तुझीच. मला तर तू जेवायला वाढता वाढता मारायचीस. डावीकडून कुणी अचानक आलं की आधी तुझा हात चालायचा आणि मग तू बघायचीस, कोण आहे ते. आई म्हणायची, हिच्या हाताला दम धरवत नाही. डावीकडूनच का, हे आमच्यापैकी कुणी कधी विचारलं नाही.

तुझं लग्न झालं तेव्हा मी जेमतेम शाळेत जात होतो, पण वरात मला नीट आठवते. बाबा खंडाळ्याला एका शेठच्या बंगल्यावर माळी होते. शेठ बंगला विकून गेला तेव्हा जुना ग्रामोफोन बाबांना देऊन गेला आणि बाबांनी तो तुला आंदण दिला. बैलगाडीत मागे तू, पुढे दाजी आणि मधे तो पितळी कर्णा, गुलाल माखलेला. सगळ्या वाटेनं वाजवत नेला. लोणावळ्याच्या बाजारआळीत दाजींचं घर होतं, तिथं पोचेस्तोवर चावी देऊन देऊन सोपानाचा हात भरून आला होता. आमच्या गावातल्या पोरीबरोबर भांडी जात, फार तर कालवड जात. गाणारं यंत्र कुणाच्याच मुलीबरोबर गेलं नव्हतं, त्यामुळे बाबा पुढं किती तरी दिवस मान ताठ करून हिंडत होते.

आणि मग आईनं ती रीत पाडली. गावातलं कुणीही लोणावळ्याच्या बाजाराला गेलं की परतताना आपल्या दारावरून जाई आणि आई उंबऱ्यातून एकच विचारी, "कर्णा वाजत हुता का?" माणूस म्हणे, "व्हय, लय जोरात वाजत हुता. पार चौकापतुर आयकू येत हुता." की आई समाधानानं आत जाई. म्हणजे पोर सुखात आहे. सुखी घरातच गाणी लागतात ना. घरात शिरून तुझं तोंड बघून ये, असं तिनं कुणालाच सांगितलं नाही. कर्णा वाजतोय म्हटल्यावर आत जायची गरजच काय होती?

दोन पावसाळे असे गेले. मग एका दुपारी तू चालत आलीस. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पालथा घातलेला तो पितळी कर्णा, आणि दुसरं काही नाही. तू घरी थांबलीसच नाहीस. दारावरून सरळ पुढे गेलीस, नागफणीच्या डोंगराच्या अंगाला, आणि आम्ही मागून धावत येईपर्यंत कड्यावरून कर्णा खाली कोकणात भिरकावून दिलास. तो खडकावर आपटत गेल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. मग वळून आईला म्हणालीस, "भाकरी हाय का?" तुझ्या लुगड्यावर रक्त होतं. ते तुझं नव्हतं, हे मला पुष्कळ नंतर कळलं.

काय झालं, तू सांगितलं नाहीस. "पटलं न्हाई" एवढंच. दाजी चार माणसं घेऊन न्यायला आले तेव्हा त्यांच्या समोरच्या दातांच्या जागी खिंडार होतं. जिन्यावरून पडलो म्हणाले. पंच बसले. एकानं बाबांना समजावलं, की अहो, नवरा आहे, हात उचलला असेल एखाद्या वेळी, पण हौशी घर आहे, रोज गाणी लावणारं. बाबा खाली मान घालून म्हणाले, दिल्या घरी नांदायला पाहिजे. तेव्हा तू आतून कोयता घेऊन अंगणात आलीस. "जो मला न्यायला उठंल त्याचं बोट हितंच ऱ्हाईल." दाजी उठले नाहीत. त्यांचा मामा उठला, तुझ्या दंडाला धरायला, आणि तू खरंच कोयता चालवलास. मनगटापासून कोपरापर्यंत उघडला हात. आईनं सकाळीच सारवलेल्या अंगणात रक्त मुरलं, आणि ते लोक मामाला उचलून घेऊन गेले. बाबांनी त्या दिवसानंतर तुला जा म्हटलं नाही आणि राहा असंही म्हटलं नाही. तू राहिलीस.

आई-बाबा गेल्यावर घरात आपण दोघंच उरलो. मी लोणावळ्याच्या तारऑफिसात लागलो होतो. मुंबईच्या जुन्या बाजारातून मी एक हेडफोन आणला, विजेविना रेडिओ पकडणारा चकाकता खडा आणला, आंब्यापासून आढ्यापर्यंत तार ओढली. गाव म्हणालं, म्हादा वीज पाडणार घरावर. एकानं रात्रीत तार कापायचा बेत केला, तर तू दगड घेऊन झाडाखाली बसलीस, आणि त्याचा गुडघा फोडलास. वलवणच्या धरणाच्या पाण्यावर मुंबईचे दिवे लागत होते तेव्हा आपल्याकडे चिमणी होती. पण त्या खड्याला वीज लागतच नव्हती. सुईचं टोक खड्यावर फिरवत बसायचं आणि एकदम मुंबईतली कुणी बाई कानात गायला लागायची.

हेडफोनला तू डब्या म्हणायचीस. पोलादी पट्टी वाकवून दोन डब्या मी वेगळ्या केल्या, एक तुला आणि एक मला. तू पहिल्याच दिवशी उजव्या कानाला डबी लावून भिंतीशी सरकलीस, डावं अंग भिंतीला टेकवून, आणि मला म्हणालीस, "म्या हिकडं. तू तिकडं." आपण डोक्याला डोकं लावून बसलो. तुझ्या केसांना चुलीच्या धुराचा वास यायचा. गाताना ती बाई मधेच श्वास घ्यायची, तोही ऐकू यायचा, आणि तू म्हणायचीस, "दमली बग." बाहेरच्याला काहीच ऐकू येत नसे. दोन माणसं भिंतीशी डोकी लावून गप्प बसली आहेत, एवढंच त्याला दिसे.

बायकांना कळलं तशा त्या यायला लागल्या. तू त्यांना रांगेत बसवलंस आणि हातात फुंकणी घेऊन उभी राहिलीस. एकीनं कानाला लावायचं, थोडं ऐकायचं, दुसरीकडे द्यायचं. जी ढकलाढकली करील तिला फटका. मला हा प्रकार वेडेपणाचा वाटे. परातीत डब्या ठेवल्या की परात घुमते आणि सगळ्यांना थोडंफार ऐकू येतं, हे मी कुणाकडून तरी ऐकून आलो आणि सगळ्यांसमोर करून दाखवलं. तू डब्या काढून घेतल्यास आणि तीच परात माझ्या पाठीत घातलीस. बायका हसून लोळल्या. मी चिडून म्हणालो, गाणं काय तुझ्या एकटीच्या मालकीचं आहे? तू म्हणालीस, "ज्याला आयकायचंय त्यानं जवळ यावं. जवळ येत न्हाई त्याला कशाला आयकवायचं?"

हे भांडण आपलं तिथून सुरू झालं ते अजून मिटलेलं नाही. माझं म्हणणं अजूनही तेच आहे अक्का, गाणं मोकळ्यावर वाजावं. अंगण भरून माणसं बसलेली असावीत, कुणी दाद द्यावी, कुणी झोपावं, पोरांनी धिंगाणा घालावा. कानात कोंडून घेतलेलं गाणं मला चोरून खाल्ल्यासारखं वाटतं.

म्हणून मी बॅटरीवरचा सेट आणि कर्णा घेऊन आलो. पत्र्याचा, काळा, फुलासारखं तोंड असलेला. तुला आधी सांगितलं नाही. मला वाटलं, एकदा ऐकलंस की तुझा विरोध गळून पडेल. अंगणात अर्धी वाडी जमली होती. तू आत परसात कांडत होतीस. मी कळ फिरवली, खरखर झाली, आणि नाटकातलं कुठलं तरी जुनं पद एकदम मोठ्यांदा लागलं. पोरं नाचायला लागली. तू कधी आलीस ते मी पाहिलं नाही. मुसळ खाली आलं तेव्हा माझा हात कर्ण्यावर होता. बोट मोडल्याचा आवाज मला पदाच्या आवाजातही ऐकू आला. तू थांबली नाहीस. पत्रा चपटा होईपर्यंत मारत राहिलीस, मग बॅटरीवर घाव घातलास, तेजाब सांडून माती फसफसली. लोक पळाले. मी हात पोटाशी धरून ओरडत होतो की वेडी झाली आहेस तू, वेडी.

त्या संध्याकाळी माझ्या बोटाला कामटी बांधताना तू सांगितलंस. माझ्याकडे न बघता.

दाजी मारायच्या आधी कर्णा लावायचे. रोज नाही, पण लावला की ठरलेलं. गाण्याचा आवाज आळीत जावा आणि तुझा जाऊ नये म्हणून. रेकॉर्ड संपली की ते थांबायचे, घाम पुसायचे, चावी द्यायचे, दुसरी बाजू लावायचे आणि पुन्हा सुरू. तुला पदं पाठ झाली होती. कुठल्या कडव्यानंतर किती उरलंय ते तुला कळायचं. एकदा त्यांनी डाव्या कानावर अशी मारली की आत काहीतरी फुटलं, रक्त आलं, आणि तेव्हापासून त्या कानाला काही नाही. शेवटच्या दिवशी ते चावी द्यायला वाकले तेव्हा तू चावीचा दांडाच उपसलास आणि त्यांच्या तोंडावर घातलास. मग यंत्राचा कर्णा उखडलास आणि निघालीस.

"आवाज कुटनं येतोय त्ये मला कळत न्हाई म्हादा," तू म्हणालीस. "कर्णा वाजला की तुजा दाजी समद्या बाजूंनी येतो. डबी कानाला लावली की गाणं हितं आसतं. दाजी कुटंच नसतो."

माझ्या मनात आईचा तो उंबरा आला. कर्णा वाजत होता का? व्हय, लय जोरात. मी तुला ते बोललो नाही. मी उठलो आणि म्हणालो की आत्ता लोणावळ्याला जातो आणि त्याचा मुडदा पाडतो, सगळ्या आळीदेखत, चौकात उभा राहून सांगतो त्यानं काय केलं ते. तू माझं मोडलेलं बोट मुठीत घेऊन दाबलंस. मी गुडघ्यावर आलो. "भैरोबाची आण घे," म्हणालीस. "कुणाला सांगायचं न्हाई. माजं वरडणं येकाच्या बी कानावर गेलं न्हाई, तेवढीच माजी अब्रू ऱ्हायलीया. ती घालवू नगंस." मी आण घेतली तेव्हा तू बोट सोडलंस.

नंतर कित्येक वर्षं आपण त्याच दोन डब्यांवर ऐकलं. कर्णा मी ठोकून सरळ केला आणि माळ्यावर टाकला. चिडलो की म्हणायचो, तुझ्यामागं हा लावणार बघ. तू म्हणायचीस, "लाव. मला कुटं आयकू येनार हाय तवा." आता तू नाहीस, आणि त्याला हात लावायची माझी छाती होत नाही. मग सोपानाच्या अंगावर तांब्या फेकतो.

आता जे सांगायचं राहिलंय ते सांगतो.

तू गेलीस त्या दिवशी तुला ओढ्याकाठी नेलं. इंद्रायणी आपल्याकडे ओढाच असते, तिथंच, आई-बाबांना अग्नी दिला त्या जागी. बायका आधीपासून कुजबुजत होत्या की सवाष्ण गेली, भाग्याची. तेवढ्यात दाजी आले. कुणी निरोप दिला कोण जाणे. पांढरंशुभ्र धोतर, हातात हिरवं लुगडं, नारळ, कुंकवाचा करंडा. बरोबर बाजारआळीतली दोन-चार माणसं आणि त्यांच्या भिंतीला भिंत लागून राहणारी बायजामावशी, काठी टेकत आलेली. नवरा आला म्हटल्यावर लोक बाजूला झाले. कुंकू लावायचा आणि अग्नी द्यायचा मान त्याचाच, रीतच आहे.

ते तुझ्या डाव्या अंगाला बसले आणि रडायला लागले. खोटं नव्हतं रडणं, तेच मला सोसलं नाही. लोकांकडे बघून म्हणाले, "लय हौस गाण्याची हिला. माज्या घरी रोज कर्णा वाजायचा. इचारा कुणालाबी, समद्या आळीला ठावं हाय." आणि कुंकवाचं बोट पुढे केलं.

मी त्यांच्या डाव्या कानावर मारली. जेवढा जोर माझ्यात आहे तेवढ्या जोरानं. ते दगडांवर पडले, करंडा सांडला. मी छातीवर बसलो आणि मारतच राहिलो, ओठ फाटला, नाकातून रक्त आलं, आणि त्यांचे उरलेले दातही पाडावे असं मनात होतं. मला ओढून काढायला चार माणसं लागली. कुणीतरी सरणातलं लाकूड माझ्या बरगडीत घातलं. सोपाना ओरडत होता, "काय केलंय त्येनं? बोल की. मयताम्होरं का मारतोस?" एक वाक्य बोललो असतो तरी पुरे होतं. ते तोंडाशी आलं होतं. मी तुझ्याकडे पाहिलं. तुझी आण होती. मी दात आवळून गप्प राहिलो.

मग माझं काय चालणार? दोघांनी माझे दंड धरून ठेवले. दाजींना उठवलं, तोंड धुतलं, आणि विस्तवाचं मडकं त्यांच्या हातात दिलं. ज्या हातानं तुझा कान गेला तोच हात तुला अग्नी द्यायला निघाला होता, आणि ते थोपवणारा शब्द फक्त माझ्याजवळ होता.

तेव्हा बायजामावशी पुढे आली. तिचा आवाज मोठा नव्हता. "समद्या आळीला ठावं हाय म्हनलास न्हवं," ती दाजींना म्हणाली. "व्हय. ठावं हाय. कर्णा वाजायचा तरी आयकू यायचं. गाण्याखालनं हिचं वरडणं आयकू यायचं. गाणं संपल्यावर चावी फिरवल्याली बी आयकू यायची. आमी चूल फुकत बसायचो. दुसऱ्याच्या घरात पडू नगं म्हनायचे मालक. समद्यांना आयकू यायचं रं. समद्यांना."

गावच्या पाटलांनी मडकं दाजींच्या हातातून काढून घेतलं. पहिला दगड कुणी मारला मी पाहिला नाही. मग दगडांचा पाऊसच पडला. दाजी ओढ्यातून, पाण्यातून पडत उठत पळाले, पांढरं धोतर लाल झालेलं, आणि लोक काठापर्यंत धावत गेले. त्या दगड मारणाऱ्यांत अर्धे ते होते, जे बाजारातून येऊन आईला सांगायचे, कर्णा लय जोरात वाजत होता. मला त्यांच्या दगडांचं काडीचं समाधान वाटलं नाही. सोपानानंही हे सगळं ऐकलं होतं, आणि तरी तेराव्याला कर्णा काढ म्हणाला तो तोच. बायजामावशी खाली बसली होती आणि जमिनीकडे बघत होती.

मडकं माझ्याकडे आलं. लोक परत येऊन उभे राहिले होते. मी फिरून तुझ्या उजव्या अंगाला आलो. मडकं खाली ठेवलं, वाकलो, आणि तू ज्या कानाला डबी लावायचीस त्या कानाशी तोंड नेऊन, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सांगितलं, "अक्का, कुणालाबी काय आयकू गेलं न्हवतं."

मग अग्नी दिला.